फुकटच्या छत्रीत शाळा आहे, पण ती लावते कोण?

मी छत्र्या बसवतो. पावसाच्या नाही, टीव्हीच्या. यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून थोडं आत आमचं दुकान आहे, तिथं मोबाईलचे कव्हर, बल्ब, मोटारीचे स्टार्टर आणि दूरदर्शनच्या फुकटवाल्या फ्री डिशचे बॉक्स असं सगळं एकाच काउंटरवर मिळते. छत्री बसवून झाली की मी चॅनेल स्कॅन करून देतो आणि रिमोट हातात घेऊन एकेक दाखवत जातो, हा पिच्चरचा, हा भजनाचा, हा बातम्यांचा. मधात एक लाईनच लागते चॅनेलांची, पहिलीचा, दुसरीचा, तिसरीचा, असं करत करत बारावीपर्यंत. तिथं आलं की घरचा माणूस हमखास म्हणते, "हे काय होय भाऊ? हे काढून टाका नं, दाबून दाबून बोट दुखते." आणि त्याच घरात दोन पोट्टे शाळेत जाणारे असतात, एक तर तिथंच माझ्या पान्ह्याशी खेळत असते.

तर हे चॅनेल आहेत काय, कोणी काढले, आणि टीव्हीनं खरंच काही शिकवल्या जाते का, हे आज जरा बसून लिहितो. मी मास्तर नाही. पण वीस वर्षं ह्या धंद्यात आहे आणि ह्या विषयाचं थोडं वेड आहे म्हणून वाचत असतो.

पहिले हे समजून घ्या की टीव्हीवर पोट्ट्यांसाठी जे दिसते ते सगळं एका जातीचं नसते. कार्टूनचा चॅनेल जाहिरातीवर चालते, म्हणजे तिथं गिऱ्हाईक कोण तर बिस्कीटवाला, आणि माल कोण तर टीव्हीपुढं मांडी घालून बसलेलं तुमचं पोट्टं. कोचिंगचं ॲप फीवर चालते, पैसे संपले की कुलूप. तिसरी जात ही लोकांच्या पैशाची, म्हणजे आपल्याच टॅक्सच्या, आणि त्यात धड्याच्या मधात कोणी काही विकत नाही. शहरातल्यालाही तेच आणि आपल्या तांड्यावरल्यालाही तेच. आता फुकट आहे म्हणजे चांगलंच असते असं मी म्हणत नाही बरं, काही काही धडे इतके कंटाळवाणे आहेत की मला स्वतःला झोप लागली. पण ते का कंटाळवाणे आणि दुसरे का चांगले, खरी मजेची गोष्ट तीच आहे.

हे आजकालचं नाही. दिल्लीत टीव्ही सुरू झाला १९५९ मध्ये, आणि १९६१ मध्येच तिथल्या शाळांसाठी टीव्हीवर धडे सुरू झाले होते, म्हणजे सिरीयलींच्या कितीतरी आधी. पण खरा दणदणीत प्रयोग झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष. त्याला साईट म्हणतात. कल्पना विक्रम साराभाईंची. त्यांचं म्हणणं असं की शहरात टॉवर उभे करत करत टीव्ही खेड्यात पोचायला किती वर्षं जातील सांगता येत नाही, मग उलटं करू, वरून उपग्रहातून डायरेक्ट खेड्यातच टाकू. आपल्याकडं तेव्हा तसा उपग्रह नव्हता, म्हणून अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ नावाचा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेतला. साराभाई १९७१ मध्येच गेले, त्यांना हे काही बघायला मिळालं नाही. पुढं अहमदाबादला यश पाल आणि इस्रोच्या लोकांनी ते करून दाखवलं. ६ राज्यं, सुमारे २४०० गावं. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण गोंदियाच्या पल्याड रायपूरकडची गावं होती, तेव्हा तो भाग मध्य प्रदेशात होता.

त्या गावांमधली छत्री कशी होती माहीत आहे का? दहा फुटाची, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो तसल्या जाळीची! माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून पहिले हसूच येते. पण त्यात डोकं आहे. त्या उपग्रहाची लहर होती साधारण दीड वीत लांब, आणि जाळीचं भोक त्याच्यापुढं अगदीच बारीक, म्हणून लहरीच्या लेखी ती जाळी म्हणजे सपाट पत्राच, आरपार जात नाही, आदळून मधात गोळा होते. आत्ता आपल्या फ्री डिशची लहर एका इंचाच्या आसपास आहे, तिला जाळी चालत नाही, पत्राच लागते, पण छत्री मात्र दोन-अडीच फुटाची पुरते. म्हणून कोणाच्या छत्रीला पोचा पडला असला, म्हणजे माकडानं उडी मारली की पडतेच, तर सिग्नल कमी होते, कारण इंचभराच्या लहरीला तेवढा पोचा म्हणजे डोंगर.

असो, मी छत्रीवर आलो की थांबत नाही.

साईटमध्ये सकाळी शाळेच्या वेळात पोट्ट्यांचा कार्यक्रम आणि संध्याकाळी मोठ्यांचा, शेती, आरोग्य वगैरे. संध्याकाळी पूर्ण गाव एका टीव्हीपुढं. पोट्ट्यांच्या कार्यक्रमांच्या कामात विजया मुळे नावाच्या एक मराठी बाई मोठ्या होत्या, तेव्हा त्या दिल्लीत एनसीईआरटीच्या, म्हणजे शाळेची पुस्तकं काढणाऱ्या सरकारी संस्थेच्या, शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रात होत्या. 'एक अनेक और एकता' ही चिमण्यांची आणि जाळ्याची कार्टून फिल्म आठवते ना, ती त्यांचीच. सुट्टीच्या दिवसांत ह्याच उपग्रहावरून सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवायचं त्याचं ट्रेनिंग पण दिलं. आणि निकाल? नंतर पाहणी झाली तेव्हा दिसलं की शाळेतली हजेरी काही टीव्हीमुळं वाढली नाही, आणि शाळा सोडणारे पोट्टे काही थांबले नाही. वावरात काम आलं की पोट्टं वावरातच जाणार, त्याला उपग्रह काय करणार. पण जे बसले त्यांची भाषा सुधारली, त्यांना जास्त प्रश्न पडू लागले. मला हा निकाल फार खरा वाटतो, कारण टीव्हीकडून कशाची अपेक्षा ठेवायची आणि कशाची नाही हे त्यात तेव्हाच दिसून गेलं.

वर्ष संपलं, नासानं उपग्रह परत नेला. मग आपला स्वतःचा इन्सॅट-१बी गेला १९८३ मध्ये, आणि त्याच्यावर शाळेचे कार्यक्रम द्यायचे म्हणून ६ राज्यांत संस्था काढल्या, ह्या वेळी महाराष्ट्र होता. तीच पुण्याची बालचित्रवाणी, १९८४ ची. पाच ते आठ वर्षांच्या पोट्ट्यांसाठी वेगळा कार्यक्रम आणि नऊ ते अकरासाठी वेगळा. आमच्या वयाच्या माणसापुढं नुसतं नाव घेतलं तरी ती सुरुवातीची धून कानात वाजते.

माझ्या शाळेतही टीव्ही आला होता. कुठली शाळा ते सांगत नाही, मास्तर अजून भेटतात बाजारात. लाकडी पेटी, तिला पुढून शटर, शटरला कुलूप, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात, आणि पेटीवर एका बाईंनी क्रोशाचं पांढरं कव्हर विणून घातलेलं. आमची शाळा भरायची दुपारी आणि कार्यक्रम लागायचा सकाळी, आणि सकाळी जुळलं तर लाईन नसायची. चार वर्षांत ती पेटी मी तीनदा उघडी पाहिली. एकदा २६ जानेवारीच्या परेडला, एकदा क्रिकेटच्या मॅचला, आणि एकदा तपासणीचे साहेब आले तेव्हा. त्या तिसऱ्या वेळी खरंच धडा लागला होता. वालाचं बी मातीत पडलेलं, आणि ते फुगलं, फाटलं, खालून मूळ निघालं, वरून कोंब वाकडा होऊन सरळ झाला, सगळं मिनिटाभरात. आमच्या सगळ्यांच्या घरी वावर, बी पेरणं जन्मापासून पाहिलेलं, पण मातीच्या आत काय होते ते कोणीच पाहिलं नव्हतं! साहेब गेले, कुलूप लागलं. ते बी मात्र अजून डोळ्यापुढं आहे.

टीव्हीची ताकद इथंच आहे. जे फळ्यावर होत नाही तेच त्यानं करावं. खूप हळू होणारं फास्ट करून दाखवणं, खूप फास्ट होणारं हळू करून दाखवणं, बारकं मोठं करणं, आणि वरून दाखवणं. लोणारचं सरोवर घ्या. काठावर उभं राहिलं तर झाडं आणि पाणी दिसते, वरून बघितलं की कळते की अरे हा तर पावणेदोन-दोन किलोमीटरचा गोल खड्डा आहे, वरून उल्का येऊन आदळल्याचा. नाहीतर आपली गुलाबी बोंडअळी घ्या. २०१७ मध्ये तिनं आपल्या भागाचं काय केलं ते सांगायला नको. ती बोंडाच्या आत असते, बाहेरून बोंड ठीकठाक दिसते, म्हणून तर माणूस फसते. पुस्तकात चार चित्रं असतात, अंडी, अळी, कोष, पतंग, मधात बाण. टीव्हीवर तेच चालताना दिसते, अळी सरकी खाताना दिसते, आणि जे पोट्टं ते बघते ते घरी जाऊन बापाला सांगते की फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही उभी ठेवलेली पऱ्हाटी, काऊन ठेवायची नाही. पण ह्याच टीव्हीवर कोणी गुरुजी फळ्यासमोर उभे राहून पाऊण तास भागाकार शिकवत असतील, तर त्यापेक्षा गावातले गुरुजी बरे, ते निदान कान तरी पिळतात.

आता खरी अडचण काय ती सांगतो. माझी पुतणी चौथीत आहे. यंदा मी तिला मुद्दाम चौथीचा चॅनेल लावून दिला. टीव्हीतल्या बाईनं काहीतरी विचारलं, "बताओ बच्चो," दोन सेकंद थांबली, आणि स्वतःच उत्तर देऊन म्हणाली, शाब्बास! पुतणी माझ्याकडं बघून म्हणते, "काकाजी, हे बाई मले शाब्बास म्हणून राह्यली, म्या तं अजून काई सांगतलंच नाई."

ह्याच्याएवढं नेमकं मी कुठं वाचलं नाही. टीव्ही ठार बहिरा आहे. तो बोलते, ऐकत नाही. वर्गातली बाई तोंडाकडं बघते, कोणाचं लक्ष खिडकीबाहेर गेलं, कोणाला हातचा घ्यायचा समजलं नाही, ते तिला दिसते आणि ती मागं जाते. टीव्ही मागं जात नाही. म्हणून टीव्हीचा चांगला धडा बनवणं हे वर्गात शिकवण्याहून अवघड काम आहे, कारण समोरचं पोट्टं कुठं अडणार ते आधीच ओळखून ठेवावं लागते, आणि ओळखायचं तर खऱ्या पोट्ट्यांपुढं आधी दाखवून बघावं लागते.

हे काम सगळ्यात पद्धतशीर कोणी केलं तर अमेरिकेत, सेसमी स्ट्रीट नावाच्या कार्यक्रमानं. १९६९ च्या नोव्हेंबरात तो सुरू झाला, जोन गँझ कूनी नावाच्या बाईनं काढला, आणि त्यांच्या मुख्य ध्येयातच होतं की गरीब घरच्या पोट्ट्यांना शाळेत जायच्या आधी अक्षरं आणि आकडे यावे. त्यांच्याकडं एडवर्ड पामर नावाचा संशोधक होता. त्यानं काय केलं, एका पोट्ट्याला खोलीत बसवलं, समोर टीव्हीवर कार्यक्रम, आणि बाजूला एक स्लाईडचा प्रोजेक्टर, त्यावर दर साडेसात सेकंदाला नवीन चित्र, म्हणजे ध्यान उडवायला मुद्दाम ठेवलेलं. आणि एक माणूस नुसता हेच लिहीत बसला की पोट्ट्याची नजर कधी टीव्हीवर आहे आणि कधी स्लाईडवर गेली. जिथं नजर गेली तो तुकडा कापा किंवा नव्यानं बनवा. असं करून करून कार्यक्रम घडवला. मला हे आवडते कारण ह्यात कुठल्या साहेबाला काय वाटते ह्याला किंमतच नाही, परीक्षा कार्यक्रमाची, आणि मास्तर कोण तर चार वर्षांचं पोट्टं. आपल्याकडं तोच कार्यक्रम २००६ मध्ये गली गली सिम सिम म्हणून आला, हिंदीत.

आणि फायदा झाला का म्हणाल, तर ह्यात एक किस्सा आहे तो माझ्या धंद्याचाच. अमेरिकेत तेव्हा काही शहरांत हा कार्यक्रम व्हीएचएफ ह्या चांगल्या पट्ट्यावर दिसायचा आणि काही शहरांत यूएचएफवर, जो त्या काळच्या बऱ्याच टीव्हीवर नीट पकडायचाच नाही. म्हणजे अँटेनाच्या नशिबानं काही पोट्ट्यांना दिसला, काहींना नाही. मेलिसा कीर्नी आणि फिलिप लेव्हीन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढं २०१५ मध्ये हाच हिशेब मांडला, तर जिथं सिग्नल चांगला होता तिथली त्या वयाची पोट्टी पुढं शाळेत वयाच्या मानानं मागं राहण्याचं प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी निघालं. नुसत्या सिग्नलनं! मी छत्री फिरवताना आता हे आठवते.

तो कार्यक्रम लहान लेकरांसाठी होता हे खरं. शाळेतल्या मोठ्यांसाठी त्याच संस्थेनं १९७१ मध्ये वाचन शिकवणारा, १९८० मध्ये विज्ञानाचा आणि १९८७ मध्ये गणिताचा असे वेगळे कार्यक्रम काढले. जपानमध्ये एनएचकेनं १९५९ मध्ये शिक्षणाचा पूर्ण वेगळा चॅनेलच काढला, तो अजून चालू आहे.

पण आपल्यासारख्या खेड्यांसाठी बघायचं तर मेक्सिको बघा. तिथं १९६८ मध्ये त्यांनी असं ठरवलं की प्राथमिकच्या पुढची शाळा दूरच्या गावात काढायची तर प्रत्येक विषयाला वेगळा शिक्षक कुठून आणायचा, मग एकच शिक्षक ठेवू आणि विषय टीव्ही शिकवेल. टेलेसेकुंडारिया म्हणतात त्याला. आता गंमत बघा, तासाभराच्या तासात टीव्ही चालायचा फक्त पंधरा मिनिटं. बाकीचा वेळ टीव्ही बंद, पुस्तक उघडा, तो एकटा शिक्षक आणि पोट्टे मिळून बोलणार, लिहिणार, करून बघणार. ती व्यवस्था आजही चालू आहे. त्याच सुमारास अमेरिकन सामोआ नावाच्या बेटांवर उलटं केलं, १९६४ पासून, म्हणजे टीव्ही हाच मुख्य मास्तर आणि वर्गातला शिक्षक त्याचा मदतनीस. काही वर्षांत शिक्षक वैतागले, मोठी पोट्टी कंटाळली, आणि टीव्ही हळूहळू मागं सारला गेला. टीव्ही दोन्हीकडं होता. फरक टीव्ही बंद केल्यावर काय होते त्याचा पडला.

म्हणून मी लोकांना सांगतो की पोट्ट्याला टीव्हीपुढं बसवून तुम्ही वावरात निंदायला गेले तर अर्धा फायदा गेला. आधी दोन मिनिटं विचारा, आज काय आहे, तुला त्यातलं काय माहीत आहे. चालू असताना शेजारी बसा, काही समजलं नाही तरी बसा. झाल्यावर म्हणा, मले सांग. तुम्ही अडाणी असले तर उलट चांगलं, पोट्ट्याला खरंच समजावून सांगावं लागते.

भाषेचं मात्र दुखणं आहे. साईटच्या उपग्रहावर चित्र एकच आणि आवाजाच्या दोन लाईनी होत्या, म्हणजे एकाच चित्रावर एका गावात एक भाषा आणि दुसऱ्या गावात दुसरी. हे १९७५ मध्ये होत होतं. आज वर्गांच्या चॅनेलवर बराचसा माल हिंदी आणि इंग्रजीत आहे. आमच्याकडच्या पोट्ट्यांना हिंदीचं तेवढं वावडं नाही, नागपूर-यवतमाळकडं हिंदी कानावर असतेच, पण भूगोलातला शब्द किंवा गणितातला शब्द हिंदीत आला की गाडी अडते. पुतणी 'गुणनखंड' ऐकून विचारते, हा कोणता खंड, आशिया की आफ्रिका. ह्यात एक गोष्ट वाचनासाठी बम उपयोगी आहे, जी अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी १९९६ पासून लावून धरली, की गाणं ज्या भाषेत तेच शब्द त्याच भाषेत खाली लिहून दाखवा. २००२ मध्ये दूरदर्शनच्या चित्रहार ह्या गाण्यांच्या कार्यक्रमावर ते सुरू पण झालं. गाणं पाठ असते, डोळा आपोआप अक्षरावर जाते, आणि कच्चं वाचणारा माणूस न कळत वाचायला लागते. मराठी गाण्यांना हे सगळीकडं का नाही करत देव जाणे, ह्याला खर्च तरी किती येते.

मधात बरंच पाणी गेलं. ज्ञानदर्शन हा शिक्षणाचा सरकारी चॅनेल आला २००० मध्ये. २० सप्टेंबर २००४ ला एज्युसॅट गेला, नुसत्या शिक्षणासाठी सोडलेला आपला पहिला उपग्रह, तो २०१० पर्यंत चालला. बालचित्रवाणी मात्र २०१७ मध्ये सरकारनं बंद केली, आणि त्याच वर्षी जुलैत दिल्लीहून स्वयंप्रभा नावाचे शिक्षणाचे ३२ चॅनेल सुरू झाले. त्यात एक चांगली सोय ठरवली आहे, रोज चार तास नवीन कार्यक्रम आणि तोच दिवसभरात आणखी पाच वेळा. म्हणजे सकाळची लाईन गेली तरी संध्याकाळी आहे. माझ्या शाळेतल्या पेटीला तेव्हा हे असतं तर!

मग आला कोरोना. मे २०२० मध्ये पीएम ई-विद्या जाहीर झाली, एक वर्ग एक चॅनेल, पहिली ते बारावी बारा चॅनेल. हेच ते मधातले, ज्यांच्यावर तुमचं बोट दुखते. २०२२ च्या बजेटमध्ये ते बाराचे २०० करू, राज्यांच्या भाषांत देऊ असं सांगितलं. आपल्या सह्याद्रीवर २० जुलै २०२० पासून टिलीमिली लागली होती, पहिली ते आठवीची, एमकेसीएलच्या फाउंडेशननं बनवलेली. ती मला खरंच आवडली, कारण त्यात टीव्हीतला माणूस सांगायचा की उठा, चुलीजवळ जा, अंगणात जा, हे करून बघा. म्हणजे टीव्ही बहिरा आहे हे मान्य करून काम पोट्ट्याच्या हातात दिलं. नागपूर आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' लागायची ती पण त्याच दिवसांतली. तेव्हा आमच्याकडं ऑनलाईन शाळेचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, घरात मोबाईल एक, तो बापाच्या खिशात, बाप वावरात, आणि रेंज पाण्याच्या टाकीवर चढलं तर. टीव्हीला रेंज लागत नाही, रिचार्ज लागत नाही, आणि एका टीव्हीपुढं पाच पोट्टे बसतात.

आता कामाचं. फ्री डिशला महिन्याचा पैसा नाही, छत्री आणि बॉक्सचा एकदाचाच खर्च. वर्गांचे चॅनेल दिसत नसतील तर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटो स्कॅन करा, कारण चॅनेलचे नंबर बदलत असतात, म्हणून मी इथं नंबर देत नाही. बॉक्स फार जुना असला तर काही चॅनेल पकडतच नाही, त्याला एम्पेग-४ वाला, म्हणजे नव्या पद्धतीचा सिग्नल उलगडणारा बॉक्स लागते, दुकानात तसं विचारूनच घ्या. छत्रीचं तोंड आपल्या भागात आग्नेयेला पाहिजे, म्हणजे उगवती आणि दक्षिण ह्यांच्या मधात, आणि बरंच वर, कारण उपग्रह आपल्या आकाशात साठेक अंशावर आहे. समोर कडुलिंबाची फांदी नको, उन्हाळ्यात बसवलेली छत्री जुलैत पालवी दाट झाली की बंद पडते आणि लोक मला शिव्या देतात. आणि जोराच्या पावसात चित्राचे चौकोन पडले तर छत्रीला हात लावू नका, मी पाया पडतो! ती इंचभराची लहर पावसाच्या थेंबात शोषल्या जाते, पाऊस उघडला की आपोआप येते. तुम्ही पावसात चढून छत्री हलवता आणि मग मला रविवारी यावं लागते.

पुतणीचं पुढं काय झालं ते राहिलंच. तिनं त्या बाईशी भांडण काढलं होतं तरी चॅनेल लावणं सोडलं नाही, कारण आता माझी माय तिच्याजवळ बसते. माय कधी शाळेत गेली नाही. एका दिवशी पाण्याच्या वाफेचा, ढगाचा धडा होता, मधातच लाईन गेली. संध्याकाळी तोच धडा पुन्हा लागला तेव्हा पुतणी खेळायला गेली होती आणि माय एकटीच बसून पूर्ण बघत होती. पुतणी आली तर माय तिला सांगते, "अवो, वाफ वर जाते नं, थे थंडी पडली का मंग तिचं पाणी होते. आपल्या गंजावरच्या झाकणाले नाई का थेंब येत, तसंच." पुतणी म्हणते, "आजी, तुले कोनं सांगतलं?"

माय म्हणाली, "त्या बाईनं. तुले शाब्बास म्हणते नं, थेच."